तुमच्या नावाचा मलिदा

नार्व्याच्या सप्तकोटेश्वरासमोर मी कित्येक वर्षं उभा राहत आलो, पण काही मागायला तोंड उघडत नव्हतं. खोटं बोललेल्या माणसाचं देव ऐकतो का, ही शंका मनातून जात नव्हती. आता वय झालं, म्हणून खरं ते लिहून ठेवतो.

डिचोलीच्या खाणीवर सॅमसन आणि मी एकच ट्रक आळीपाळीने चालवत होतो. तो अलिबागकडचा बेने इस्राएली, म्हणजे कोकणातला ज्यू, घरीदारी मराठीच बोलणारा. शुक्रवारी दिवस बुडायच्या आत ट्रक लावून जायचा, तो रविवारीच परत यायचा. मी चिडवायचो, "तुझो देव शनवारी रजेर रे?" तो हसायचा. "देव नाही, मी रजेवर. त्यानेच दिलीय."

अशाच एका शनिवारी मी ट्रक उतारावर लावला, चाकाला दगड लावायला विसरलो आणि आतच झोपलो. ट्रक माझ्यासकट खाली गेला. इस्पितळात शुद्धीवर आलो तेव्हा मालकाचा माणूस उशाशी होता. पहिलंच वाक्य मी खोटं बोललो. "सॅमसनने ब्रेक सैल ठेवले होते." त्याची नोकरी गेली, तो गावी परतला. पुढे मी मुकादम झालो.

परवा सून अंगणातून म्हणाली, "बाबा, तुमकां एक बाय सोदता." मला शोधत आलेली ती बाई सॅमसनची मुलगी निघाली. सॅमसन वारल्याचं तिने सांगितलं आणि डबा पुढे केला.

"काका, तुमच्या नावाचा मलिदा आणलाय."

दुसऱ्याचं लाटून फुकटचं खाल्लं की आमच्याकडे म्हणतात, मलिदा खाल्ला. माझी मुकादमकी डोळ्यांपुढे आली.

"खाल्ला, बाई. तुझ्या बापाच्या जिवावर खाल्ला."

"कधी खाल्लात? मी तर आत्ताच आणतेय!" ती गोंधळून गेली.

तिने डबा उघडला. आत भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळांच्या फोडी. "तुम्ही बेशुद्ध होता तेव्हा पप्पांनी आमच्या एलियाहू हन्नाबीला, आमच्या प्रेषिताला, नवस केला होता. वाचले तर दरवर्षी मलिदा करीन म्हणून. जाताना म्हणाले, यंदाचा त्याच्या हातावर नेऊन ठेव."

मी तिला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "ब्रेक धड होते हे पप्पांना ठाऊक होतं, काका."

"मग त्याने नवस का नाही सोडून दिला?"

"आईही हेच विचारायची. पप्पा म्हणायचे, मी त्याचा जीव मागितला होता, माझी नोकरी नाही. मागितलं ते मिळालं."

त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही. मी त्याचं नाव घेऊन खोटं बोललो, त्याच्या आधीच त्याने माझं नाव देवापुढे घेतलं होतं. मी इतकी वर्षं माझी लायकी शोधत बसलो, आणि कृपा केव्हाच होऊन गेली होती. खाणीवरचे जे कोणी हयात आहेत, त्यांना सांगतो. सॅमसनचे ब्रेक धड होते.

मलिदा मी ओंजळीत घेऊन खाल्ला. संध्याकाळी तसाच नार्व्याला गेलो. काही मागितलं नाही, नुसते हात जोडले. हातांना अजून वेलचीचा वास येत होता.