आईच्या दगडावरचं दुसरं नाव

मागच्या वर्षी फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता आई गेली. मी तिच्याजवळ होते. माझा धाकटा भाऊ अरुण तळेगावहून लोणावळ्याला पोहोचला तेव्हा अकरा वाजले होते.

दफनविधी आटोपून चर्चच्या मंडळीतले लोक गेल्यावर त्याने मला अंगणात गाठलं. "ताई, आधी एक फोन करायला तुझा हात मोडला होता का?" मी म्हणाले, "वर्षातून दोनदा तोंड दाखवणाऱ्याने माझे हात मोजू नयेत." त्यानंतर आम्ही बोललो नाही.

सगळ्यांना मी सांगितलं होतं की अचानक झालं. ते खरं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात आईने दोनदा अरुणला बोलवायला सांगितलं होतं. डॉक्टरांनीही, कोणाला कळवायचं असेल तर कळवा, असं सुचवलं होतं. मी कळवलं नाही. चार वर्षं तिचं सगळं मी केलं होतं. शाळेच्या ग्रंथालयातून वेळेआधी निवृत्ती घेतली, तीही तिच्यासाठीच. अरुण यायचा, संत्री आणायचा, तासभर तिला हसवायचा, आणि मग ती आठवडाभर त्याच्याबद्दलच बोलायची. निदान हे शेवटचे दिवस तरी ती फक्त माझी असावी, असं मला वाटत होतं. हे मी स्वतःशीही कबूल केलं नाही. गडबडीने तिला थकवा येईल, असं म्हणत राहिले. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करत होते. जागृत राहा, मोहात पडू नका, अशा अर्थाची बायबलमधली वचनं मी वर्षानुवर्षं पेन्सिलीने अधोरेखित केली होती. पण मोह म्हणजे दारू, जुगार, परक्याच्या वस्तूवर डोळा, अशीच माझी समजूत. आईची उशी सरळ करतानाही तो माझ्या शेजारी उभा असू शकतो, हे मला सुचलं नाही.

वर्ष भरत आलं. स्मरणाच्या प्रार्थनेआधी कबरीवर दगड बसवायचा होता. कामशेतजवळ आंदर मावळातले एक म्हातारे कारागीर पत्र्याच्या शेडमध्ये दगडावर अक्षरं कोरतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. बारा वर्षांपूर्वी बाबांचा दगडही त्यांनीच केला होता. मी रेघांच्या कागदावर सुवाच्य अक्षरात मजकूर लिहून दिला: आईचं नाव, जन्म, मृत्यू, खाली 'शोकाकुल', आणि त्याखाली माझ्या एकटीचं नाव. त्याच आठवड्यात रविवारी मी चर्चमध्ये प्रभुभोजन घेतलं. ज्याचा कोणाशी बेबनाव असेल त्याने आधी तो मिटवावा, असं पाळकसाहेब नेहमीप्रमाणे म्हणाले. मला मंडळीतली दोन भांडखोर कुटुंबं आठवली. स्वतःची आठवण आली नाही.

दहा दिवसांनी आबांचा फोन आला, "बाई, जरा येऊन जावा."

दगड लाकडी ओंडक्यांवर आडवा ठेवला होता. 'शोकाकुल' या शब्दापर्यंत कोरून झालं होतं, खाली कोरं. आबांनी टोपी काढून हातात धरली.

"बाई, तुमच्या वडलांच्या दगडाचं माप घ्यायला गेलतो. तितं खाली दोन नावं हायती. तुमच्या कागदावर येकच. भाऊ कवा वारलं? मला कुनी सांगितलंच न्हाई."

नुसती मान हलवली असती तरी काम भागलं असतं, आणि तो विचार माझ्या मनात आला, हेही इथे लिहायला हवं. मग म्हणाले, "नाही आबा. तो आहे. तळेगावला असतो."

"हायती व्हय? बरं झालं, बया! दोन दिस छिन्नी उचलंना मला. म्हनलं, येका वर्सात येका घरची दोन मानसं गेली." त्यांनी माझाच कागद आणि कानामागची पेन्सिल पुढे केली. "मंग नाव ऱ्हायलं म्हनायचं. दुखात ध्यान ऱ्हात न्हाई. लिवा."

त्यांच्या बोलण्यात आरोपाचा लवलेश नव्हता. एक सबब त्यांनी आपणहून माझ्या हातात दिली होती, आणि ती मला घेता येईना. "राहिलं नाही आबा. मी वगळलं."

आबांनी डोकं खाजवलं. "ह्याला खोडरबर चालत न्हाई, बाई. तुमचं मिटंपतुर थांबतो. पर लय दिस लावू नका, हितं पाय ठिवायला जागा न्हाई."

स्टेशनवर लोणावळ्याची गाडी यायची होती. मी पूल ओलांडून पलीकडे गेले आणि तळेगावची धरली.

अरुणच्या दारात उभी राहूनच सगळं सांगितलं, बसले असते तर धीर गेला असता. दगडाचं सांगितलं, आईने दोनदा बोलावल्याचंही सांगितलं. तो म्हणाला, "काय म्हणाली होती? तिचेच शब्द सांग."

"'अरुण्याला बोलाव. तो आला की घर भरल्यासारखं वाटतं.'"

हे शब्द त्याच्या वाट्याचे होते आणि वर्षभर मी ते स्वतःजवळ ठेवले होते. तो रडला. "तू आता जा, ताई. आज मला काही बोलता येणार नाही." मी निघाले.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, "दगड कुठे आहे?" आम्ही एकत्र गेलो. आबा त्याला न्याहाळून म्हणाले, "तुमीच व्हय? म्या तर तुमाला मारलंच व्हतं." अरुण हसला. "ताईनं सुपारी दिली होती, आबा." मला हसू आलं आणि रडूही. त्याने स्वतःच्या हाताने कागदावर माझ्या नावाखाली आपलं नाव लिहिलं.

आबांची छिन्नी दोन दिवस कोणी थांबवली, याबद्दल मी वाद घालणार नाही. एका मन लावून काम करणाऱ्या माणसाचा गैरसमज झाला, एवढंच कोणी म्हणेल. मी त्या दोन दिवसांबद्दल प्रभूचे आभार मानते. आमच्या भांडणाचं मूळ मी वर्षभर अरुणमध्ये शोधत होते. ते माझ्या हव्यासात होतं आणि त्याला मी सेवा म्हणत होते. आता प्रार्थनेत मी आधी थोडा वेळ गप्प बसते, आणि 'फक्त माझं' असं मनात काही उठलं तर तेच प्रभूपुढे ठेवते. रोज जमतं असं नाही.

अरुण महिन्यातून एका रविवारी येतो. जेवण झाल्यावर आईच्या शेवटच्या आठवड्याबद्दल काहीतरी विचारतो. मी आठवेल तेवढं सगळं सांगते.