दिनूचं मुंडण आणि माझं खोटं

विजू, जरा जवळ ये, इथे बस आणि मी संपवेपर्यंत मधे बोलू नकोस. रविवारची पुरवणी तू साक्रीला शेवटच्या ओळीपर्यंत वाचतोस हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून इथे लिहिते. दिनूला जाऊन पाच आठवडे झाले. सगळी माणसं दारावर, सांत्वनाला, येऊन गेली. ज्यांची नावं मला आठवत नव्हती तीसुद्धा आली. तू आला नाहीस. इतका कसा रे कठोर झालास? असं मनात म्हणते, आणि लगेच जीभ चावते, कारण तुझ्या न येण्याचं मूळ माझ्यातच आहे.

वाचणाऱ्यांना सांगायला हवं, विजू हा दिनूचा कॉलेजातला मित्र, आणि दिनू म्हणजे माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन चोपड्याला आले तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता. आमच्या ह्यांची नोकरी धुळ्याची, म्हणून पुढे शिकायला तो आमच्याकडेच राहिला. शेवटची पंधरा वर्षं जळगावला विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, तांब्याची तार गुंडाळून गुंडाळून बोटं काळी झालेली. गुरुवारी शेजारच्यांच्या फोनवर त्याचा निरोप आला, ‘वहिनी, शनिवारी येतो, कावीळ आहे म्हणतात, तेलकट काही करू नका, कळण्याची भाकरी टाका.’ शनिवारी मी ज्वारी-उडदाचा कळणा मळून ठेवला होता... आणि त्याच फोनवर दुसराच निरोप आला. पस्तिशीही पुरती झाली नव्हती त्याची.

विजू, तुम्ही दोघं कॉलेजात होतात तेव्हा आमच्या वरच्या खोलीत काय धुमाकूळ घालायचात. त्याची ती जुनी गिटार, आणि तू तेलाचे रिकामे डबे उलटे मांडून बडवायचास. हायवेवरचा एक ट्रकवाला मुंबईहून त्या अमेरिकेतल्या बँडच्या कॅसेट आणून द्यायचा. बँडचं नाव मला आजही धड म्हणता येत नाही. गाणं तर मला कधी कळलंच नाही, मला ते गिरणीच्या पट्ट्यासारखं वाटायचं. पण त्यांची हकिगत मला पाठ झाली, कारण मी भाकरी थापत असले की दिनू शेजारी बसून ती सोयऱ्यांच्या बातम्यांसारखी सांगायचा. मोटारींच्या कारखान्याच्या गावातली चार पोरं. पहिल्या दोन रेकॉर्डी कोणी विचारल्या नाहीत. तिसरी निघाली आणि सगळीकडे तेच. मी विचारायचे, ‘आईबाप काय म्हणतात रे त्यांचे?’ तो म्हणायचा, ‘वहिनी, तिकडे असं विचारत नाहीत.’ ‘मग काय विचारतात?’ ‘पुढची रेकॉर्ड कधी, ते.’ त्या चौघांसारखे त्याने खांद्यापर्यंत केस वाढवले होते. गल्लीतल्या बायका मला म्हणायच्या, तुमच्या नणंदेचं लग्न जमलं का.

मग एके दिवशी तो रद्दीच्या दुकानातून एक इंग्रजी मासिक घेऊन आला आणि जिन्यातच बसला. त्यांचा ड्रम वाजवणारा वारला होता. मासिक चार महिने जुनं. मी म्हटलं, ‘अरे, चार महिन्यांपूर्वी गेलेल्याचं आता काय घेऊन बसलास?’ तर म्हणाला, ‘मला आज कळलं ना.’ आणि खरंच आहे, लांबचं माणूस गेल्याचं आपल्याला उशिरा कळलं तरी आपण अंघोळ करतोच. तो उठला, न्हाव्याकडे गेला आणि गोटा करून आला. ते वाढवलेले सगळे केस. मी हसले, विजू. आधी हसलेच मी.

चोपड्याकडच्या कोणीतरी त्याला बसस्टँडवर पाहिलं. दोन दिवसांनी सकाळच्या गाडीने आबा, म्हणजे माझे सासरे, चुलत्यांना घेऊन दारात उभे. दिनू कॉलेजात गेलेला. आबांनी पाणीही घेतलं नाही. म्हणाले, ‘मी जित्ता शे ना आजून? मंग त्यानी डोकं कोनासाठे भादरं?’ बाप जिवंत असताना पोराने डोकं भादरायचं, म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही. आता त्यांना अमेरिकेतला ड्रमवाला कसा सांगू? माझ्या तोंडून निघून गेलं, ‘विजूचा मोठा भाऊ गेला, पलटणीतला. दोघांचं फार सख्य, म्हणून त्याच्यासोबत ह्यानेही केस दिले.’ वाटलं, आबा हळहळतील, चहा घेतील, परतीची गाडी धरतील. आबा हळहळले. मग चुलत्यांना म्हणाले, ‘आठलोंग उनूत, ते त्यासना दारवर जाई येऊत.’ इथवर आलोच आहोत, तर साक्रीला त्यांच्या दारावर जाऊन येऊ, असं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. दोघं चपला घालेपर्यंत माझ्याकडे वेळ होता. मी पदराला हात पुसत उभी राहिले. दिनू आल्यावर त्याला सांगितलं, तो तसाच स्टँडवर धावला, पण साक्रीची गाडी सुटलेली होती.

पुढचं तुला मी काय सांगायचं. तुझ्या माय ओट्यावर बाजरी पाखडत होत्या म्हणे. टोप्या काढून दोन म्हातारे समोर बसले आणि ‘झालं ते वाईट झालं’ म्हणाले. सरहद्दीवर असलेल्या मुलाच्या आईला असं ऐकवल्यावर काय होईल? दिनूने मागच्या गाडीने ‘ते खोटं आहे’ असा निरोप धाडला, तरी तुझा भाऊ सुखरूप असल्याची तार येईपर्यंत पाच दिवस माय अन्नाला शिवल्या नाहीत. तू आमच्याकडे आलास तेव्हा मी आत चुलीपाशी होते. तू विचारलंस, ‘आबांना हे कोणी सांगितलं?’ आणि दिनू म्हणाला, ‘मी.’ तू त्याच्या तोंडावर म्हणालास, ‘आजपासून तू मला मेलास.’ ते मी ऐकलं. आबांनाही त्याने तेच सांगितलं, मीच बोललो. आबांनी त्याचं कॉलेज सोडवलं. मी रडायला लागले तर मलाच समजावत होता, ‘वहिनी, तुम्ही बोलू नका. तुम्हाला जन्मभर आबांना वाढायचं आहे.’

पुढे काही वर्षांनी तो जळगावहून आला तो हसतच. त्या बँडने नवा ड्रमवाला घेतला होता, उरलेले तिघं भांडणं मिटवून पुन्हा वाजवायला लागले होते. मी म्हटलं, ‘मग तूही जा की साक्रीला.’ तो म्हणाला, ‘गेलो तर त्याला खरं सांगावं लागेल.’ तेव्हाही मी म्हणाले नाही, की सांग. आबा गेले त्यालाही आता तीन वर्षं झाली, तेव्हा तर कोणाची भीती उरली नव्हती. पुढे त्या बँडचा गायक सोडून गेला, मग म्हणे ते लहानसहान गावांच्या जत्रांत वाजवायला लागले. दिनू तरी त्यांच्या कॅसेट मिळवायचाच. मिळाली की दोन प्रती भरायचा. एकीवर काही नाही, दुसरीवर बारीक अक्षरात ‘विजू’. सात आहेत. वरच्या खोलीत खिडकीशी लावून ठेवल्यात, ऊन लागू नये म्हणून मी त्यांच्यावर रुमाल घालते.

तर विजू, सांगणारी मी होते. दिनू नव्हे. हे चार लोकांत लिहिते, कारण चार लोकांत त्याचं नाव गेलं.

खरं तर मीच साक्रीला यायला हवं. दोनदा पिशवी भरली. पण आमच्या घरचं माणूस न कळवता ओट्याशी येऊन उभं राहिलं तर मायच्या जिवाचं काय होईल, म्हणून पाऊल निघत नाही. तू ये. जेवणाच्या वेळेला ये, मी घरीच असते. काय बोलायचं ते मला बोल, आणि मग मायला विचारून सांग, मी त्यांच्या दारात येऊ का. लवकर ये, बाबा.