धडधड गेली, भोंगा राहिला

सगळं जग पेट्रोलवरून डिझेलवर चाललं होतं, तेव्हा आम्ही डिझेलवरून पेट्रोलवर आलो. आमच्या नागावात याला वेडेपणा म्हणाले, आणि वेडेपणा करणारी घरची सून, म्हणून म्हणणाऱ्यांना चेवही जास्त आला. साठ साल नुकतंच उलटलं होतं. अलिबागेपासून पेणपर्यंत जो तो मोटारवाला जुनं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवत होता. पेट्रोल म्हणजे हत्ती पोसणं. अशा दिवसांत मी चालती डिझेलची पिकअप विकायला लावली आणि पेट्रोलची दारात आणून उभी केली. ही उलटी गंगा कुणाच्या घशाखाली उतरणार? माझ्या सासऱ्यांच्या तर मुळीच उतरली नाही.

त्या डिझेलच्या गाडीबद्दल आधी सांगते, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली ती एक. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, ती घेतली आणि पुढे एका मिस्त्रीकडून तिच्यात डिझेलचं इंजिन बसवून घेतलं. पुढे दोन माणसं बसायची, मागे उघडा हौदा. गावातल्या वाड्यांमधला माल, विड्याची पानं, सोनचाफा, तोंडली, शहाळी, असं सगळं ती रेवसच्या धक्क्यावर नेई आणि तिथून तो लाँचने मुंबईला जाई. गाडी चालवायचे माझे यजमान आणि गाडीची बढाई मारायचे मामंजी. बढाईचं काम जास्त कष्टाचं होतं, कारण ते दिवसभर चाले.

तिला सुरू करणं हा रोजचा सोहळा. नाकाडात लोखंडी हँडल खुपसायचं आणि दोन्ही पाय रोवून ते फिरवायचं. थंडीच्या दिवसांत बाईसाहेब रुसायच्या, मग शेजारचे गडी बोलवा, ढकला, पुन्हा हँडल मारा. एकदा सुरू झाली की तापेपर्यंत दारातच धडधडत उभी. खिडकीचे गज थरथरत, फडताळातल्या कपबश्या वाजत, आणि धुरकट काजळी माझ्या वाळत घातलेल्या धुण्यावर बसे. रेवसलाही तिला बंद करत नसत. बंद केली आणि परत सुरूच झाली नाही तर? माल उतरेपर्यंत ती धक्क्यावर तशीच ठणाणत राही. मी कुरकुरले की मामंजी म्हणत, "अगं, आवाज आहे म्हणजे जीव आहे."

आणि आमचा धंदा होता पाण्यावरचा. लाँच घड्याळ बघून सुटत नसे, खाडीत पाणी असेल तेव्हा सुटे. ओहोटी लागली की धक्क्यापाशी चिखल. त्यामुळे आज पहाटे गाडी निघाली तर चार दिवसांनी उन्हं वर आल्यावर, असं वेळापत्रक भरतीबरोबर मागे मागे सरकायचं. मामंजींना तिथीवरून पाण्याची वेळ तोंडपाठ होती. त्यांनी सांगायचं आणि यांनी हँडल मारायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

एका सकाळी ते हँडल उलटं आलं. हातातून सुटलं ते यांच्या मनगटावर बसलं, आणि हाड मोडलं. अलिबागच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं, या हाताने पुन्हा हँडल मारायचं नाव काढू नका. आम्ही एक ड्रायव्हर ठेवला. तो शिमग्याला घरी गेला तो परत आलाच नाही. गाडी आवारात उभी राहिली. माल बैलगाडीने जाऊ लागला आणि वाटेतच पानं माना टाकू लागली. मुंबईचे व्यापारी कुरबुरले, आणि दुसरा एक गाडीवाला आमच्या वाड्यांमधून गोड बोलत फिरू लागला. मामंजींनी एक दिवस जेवताना जाहीर केलं, "गाडी विकून टाकू. पुरे झाला धंदा." यांनी मान वर केली नाही. डाव्या हाताने भात कालवत होते. त्यांचं ते तोंड मला बघवेना.

मला गाडी चालवता येत होती, हे गावात कुणाला फारसं ठाऊक नव्हतं. लग्नानंतरच्या वर्षी यांनी मला ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरच्या घट्ट वाळूवर शिकवली होती, हौस म्हणून. लायसनही काढलं होतं. ते मामंजींनी पाहिलं आणि "भिंतीवर लावा" एवढंच म्हणाले. पण चालवता येऊन उपयोग काय? मी त्या हँडलला लोंबकळून पाहिलं. दोरीवर धुणं लोंबकळावं तशी लोंबकळले, आणि ते तसूभरही हललं नाही.

तेव्हाच अलिबागच्या एका व्यापाऱ्याने आपली पेट्रोलची पिकअप विकायला काढली. अर्थात डिझेलची घ्यायची म्हणून. मी यांना घेऊन बघायला गेले. बटण दाबलं की गाडी सुरू. पुन्हा दाबून पाहिलं, पुन्हा सुरू. हँडल होतं, पण ते सीटखाली गंजत पडलेलं. मी तिथेच ठरवलं.

घरी आठवडाभर महाभारत झालं. पेट्रोल किती पिते, आग कशी लागते, गाडीवर बाई बसली तर लोक काय म्हणतील, सगळं झालं. यांनी पहिल्यांदाच वडिलांपुढे आवाज चढवला. शेवटी मामंजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठीक आहे. आण. पण पहिल्या दिवशी गाडी रिकामी गेली तर दुसऱ्या दिवशी ती विकायची आणि धंदा बंद. वाडीवाले बाईच्या गाडीत माल देणार नाहीत, लिहून ठेव. भरून गेली तर मी पुन्हा शब्द काढणार नाही."

"कबूल," मी म्हटलं. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण राग भीतीपेक्षा मोठा होता, आणि माझं सगळं आयुष्य त्याच रागाने पुढे ढकललेलं आहे.

डिझेलची गाडी गावाबाहेरच्या चिऱ्यांच्या खाणवाल्याने नेली. ती जाण्याआधी मामंजींनी स्वतः पान्हा घेऊन तिचा पितळी भोंगा काढून ठेवला, तो रबरी गोळा दाबून वाजवायचा जुना भोंगा. "गाडी विकली आहे," ते म्हणाले, "भोंगा विकलेला नाही." पेट्रोलची गाडी घरी आली त्या संध्याकाळी मी वाड्यांमधून फिरले. उद्यापासून गाडी सुरू होतेय, मीच चालवणार आहे, पाणी सकाळचं आहे, असं सगळ्यांना सांगितलं. सगळे "व्हय, व्हय" म्हणाले. कुणी हसलं नाही, आणि तेच मला जरा खटकलं.

सकाळी चाकाखाली नारळ ठेवला. मी चढले. दुसऱ्या दाराने मामंजी चढले, न सांगता, न विचारता, डोक्यावर टोपी आणि मांडीवर तो भोंगा. साक्षीला आले होते, उघड होतं. मी बटण दाबलं. गाडी घुरघुरली आणि सुरू झाली. नारळ फुटला.

"एवढंच?" मामंजी म्हणाले.

"एवढंच," मी म्हटलं.

वाड्यांच्या तोंडाशी वड आहे, तिथे माल घ्यायचा. मी गाडी उभी केली. वडाखाली कुणी नव्हतं. एक कुत्रं उठलं, गाडीकडे बघितलं आणि परत झोपलं. पुढे देवळापाशी गेले, तिथेही कुणी नाही. मागे वळून पुन्हा वडाखाली आले. कुंपणांच्या आत माणसांची चाहूल होती, रहाटाचा आवाज येत होता, पण एक फाटक उघडेल तर शपथ. सगळी जागी होती आणि कुणी बाहेर येत नव्हतं.

माझे कान तापले. समोरच्या वाडीतल्या माळणीच्या बाळंतपणात मी रात्रभर बसले होते. तिच्या शेजारणीला मी पत्रं वाचून दाखवत असे. आणि आता ही माणसं फाटकाआड बसून माझी गाडी रिकामी जायची वाट बघतात? मामंजी फक्त एकदा म्हणाले, "पाणी थांबत नसतं, सूनबाई." उतरून प्रत्येक फाटकावर जाऊन विचारावं असं मनात येत होतं, पण हात पसरायला माझा पाय उचलेना.

तेवढ्यात खाणीच्या रस्त्याने आवाज आला. धड धड धड धड. आमच्या जुन्या डिझेलचा आवाज, हजारांत ओळखावा असा. आणि बघता बघता फाटकं उघडली. डोक्यावर पानांच्या टोपल्या, काखेत चाफ्याच्या करंड्या, दोघांच्या खांद्यावर बांबू आणि त्याला शहाळ्यांचे घड. सगळी माणसं लगबगीने रस्त्यावर आली आणि त्या डिझेलच्या गाडीला आडवी झाली. ती चिऱ्यांनी काठोकाठ भरलेली. तिचा नवा ड्रायव्हर घाबरून थांबला.

"गाडीत चिरं कशाला भरलंस?" माळीण त्याच्यावर ओरडली. "आमचा माल कुठं ठेवू?"

मग तिने मान वळवली आणि वडाखाली उभी असलेली माझी गाडी तिला दिसली.

"अगो बाय," ती म्हणाली. "वयनी, तुमी कवा आलाव?"

"मघाच आले," मी म्हटलं. "तुमची वाट बघतेय."

"आमी आवाजाची वाट बगत व्हतो. नवी गाडी हाय म्हायती व्हतं, पन ती अशी मांजरीवानी येईल हे कोनाला म्हायती?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाण्याची वेळ रोज बदलते, आणि या वाड्यांमध्ये घड्याळ बघून कुणी पानं खुडत नव्हतं. आमच्या दारात डिझेल धडधडायला लागलं की ही माणसं टोपल्या बांधायला बसत, आणि ते तापून निघालं की टोपल्या उचलत. जिच्या नावाने मी इतकी वर्षं बोटं मोडली, ती धडधड गावाची घंटा होती. मला हसू फुटलं ते आवरेना. स्टिअरिंगवर डोकं टेकून मी हसत सुटले. राग कुठच्या कुठे पळाला.

पण पाणी खरंच थांबत नसतं. सगळ्यांनी मिळून माल चढवला. हौदा भरला, पुढे मामंजींच्या पायाशी करंड्या आल्या, मांडीवर भोंग्याशेजारी एक चाफ्याची करंडी बसली. त्यांनी एकीलाही नाही म्हटलं नाही. निघताना माळणीने विचारलं, "मग उद्या आमाला कळायचं कसं?"

मी तोंड उघडण्याआधी मामंजी म्हणाले, "भोंगा वाजेल. गाडी निघायच्या आधी वाड्यांमधून वाजवत येईन मी."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांना ते आवडलं नसतं.

अलिबाग मागे पडलं. रेवसच्या रस्त्यावर एक लांबट चढ आहे, आणि त्या चढावर आमच्या पुढे कोण असावं? तीच. चिऱ्यांच्या ओझ्याने कण्हत, काळा धूर सोडत, रस्त्याच्या मधोमध रांगत होती. मी हॉर्न दिला. पुन्हा दिला. त्या खडखडाटात ड्रायव्हरला काय ऐकू येणार! खाली दूर खाडीचं पाणी चमकत होतं, आणि ते ओसरायच्या आत धक्का गाठायचा होता.

मामंजींनी करंडी माझ्या बाजूला सरकवली, अर्धं अंग दाराबाहेर काढलं आणि भोंग्याचा गोळा दोन्ही हातांनी दाबला. असा भोंगा त्या गाडीवर असतानाही कधी वाजला नसेल. ड्रायव्हरने दचकून गाडी कडेला घेतली.

"दाब," मामंजी म्हणाले.

मी पाय दाबला. पेट्रोल पितं म्हणतात, पिऊ दे. गाडी भरल्या ओझ्यानिशी चढावर अशी उसळली की मागच्या शहाळ्यांनी एकमेकांना टकरा दिल्या. आम्ही डिझेलच्या बरोबरीला आलो, आणि मग ती मागे राहिली. मामंजींनी मागे वळून बघितलं नाही. "अजून दाब," एवढंच म्हणाले. मला आयुष्यात पुष्कळांनी शाबासकी दिली, पण त्या दोन शब्दांची सर कशालाच आली नाही.

रेवसला लाँच धक्क्याला होती आणि तिचा दोर सोडायला एक माणूस वाकलेला होता. मामंजी गाडी थांबायच्या आत भोंगा वाजवत उतरले. तो माणूस सरळ उभा राहिला. हमाल धावले. टोपल्या हातोहात गेल्या, आणि शेवटची चाफ्याची करंडी मामंजींनी स्वतः लाँचवर नेऊन ठेवली. पानं हिरवीगार होती.

परत येताना त्यांना एका ओळखीच्या हमालाने विचारलं, "नवी गाडी वाटतं, अण्णा? तुमची?"

हा प्रश्न त्या धक्क्यावर त्यांना कैक वेळा विचारला गेला होता, आणि दर वेळी ते छाती काढून "आमची" म्हणत.

"सुनेची," मामंजी म्हणाले. "मी भोंगा वाजवायला येतो."

मी आत बसले होते. इंजिन चालूच ठेवलं होतं. रेवसला गाडी बंद करायची नाही, ही आमच्या घराची रीत. मामंजी शेजारी येऊन बसले, भोंगा पायाशी ठेवला, टोपी काढून घाम पुसला आणि लाँच खाडीत लांब जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले. मग चावीकडे बोट दाखवून म्हणाले, "बंद कर गं आता. चहा घेऊ. तुझी गाडी परत सुरू होते."