दुसरं शिंगरू

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जव्हारच्या वाचनालयात नव्या पुस्तकांच्या पाठींवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. फोन दादासोबत काम करणाऱ्या सईसाचा होता. सकाळी दादाने घोडी फिरवून आणली, तिला पाणी दाखवलं, आणि तिच्या ठाणाबाहेर जरा टेकला तो परत उठलाच नाही. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. नंतर पाहिलं तर सगळ्या अगदी सरळ लागल्या होत्या. मला त्या सरळपणाचीच भीती वाटली.

दादा माझ्याहून बराच मोठा. शाळा सोडून तो आधी वीटभट्टीवर गेला, मग ठाण्याला बांधकामावर, आणि तिथून कुणाच्या तरी ओळखीने मुंबईच्या रेसकोर्सच्या तबेल्यात. सईस म्हणजे घोड्याचं सगळं करणारा माणूस. खरारा, खाणं, पाणी, पहाटेचं फिरवणं, आणि शर्यतीच्या दिवशी दोरी धरून मैदानापर्यंत नेणं. शेवटची काही वर्षं त्याच्याकडे एकच घोडी होती. तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. तिला तो 'आपली घोडी' म्हणायचा. तबेल्यातले सगळेच आपापल्या जनावरांना तसं म्हणत असतील, असं मी धरून चालले होते.

सुट्टीवर आला की चुलीपाशी बसून तो आईला मुंबईच्या गोष्टी सांगायचा. आईचं बोलणं मी इथे बरंचसं शाळेच्या मराठीत आणते आहे. घरी आम्ही वेगळंच बोलतो.

"वर्षातून एक शर्यत असते, फक्त माद्यांची," दादा सांगायचा. "हिरव्या गवतावर. कोवळ्या पोरी असतात तशा थोराड घोड्या पण असतात."

"नर एक पण नाय?"

"एक पण नाय."

"मग बरंय. वाट सरळ धरतील."

त्या शर्यतीत मागच्या वर्षी त्याची घोडी मानेएवढ्या अंतराने हरली होती. यंदाची तिची शेवटची होती. यानंतर तिला पळवणार नव्हते. ती पैदाशीच्या फार्मवर जाणार होती. दादाच्या दिवसकार्यानंतर लगेचच्या रविवारी ही शर्यत आली.

दादाचा देह घेऊन मुंबईहून निघालेली गाडी कसाऱ्याकडून वर येणार होती, म्हणून मी खोडाळ्याला जाऊन थांबले. बाजाराचा दिवस होता. मी गाडीत बसले आणि गाडी गर्दीतून हळूहळू निघाली. एका बाईने काचेवर थाप मारून विचारलं, "मोखाड्यापर्यंत जागा आहे का?" ड्रायव्हरने मान हलवली. बाईने मागे वाकून पाहिलं आणि डोक्यावरची पाटी तशीच धरून ती बाजूला झाली. मला वाटत राहिलं, तिला नीट उत्तर द्यायला हवं होतं.

पोशेऱ्याजवळच्या आमच्या पाड्यावर उतरलो तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. शेळ्यांच्या गोठ्याला लागून एक नवा आडोसा दिसला. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, आणि छप्पर शेळ्यांच्या गोठ्यापेक्षा कितीतरी उंच. दिवाळीच्या सुट्टीत दादाने तो बांधला होता, एवढंच शेजाऱ्यांकडून कळलं. कशासाठी, ते विचारण्याची ती वेळ नव्हती.

आई रडली नाही. तिने दादाच्या पायांचे तळवे पाहिले, मग हाताचे. उजव्या तळहातावर दोरीने पडलेला घट्टा होता. त्यावरून तिने अंगठा फिरवला आणि ती मागे सरली.

आडोसा कशासाठी, ते कळलं दिवसाच्या जेवणाला. पंगत उठली होती. बायका भांडी घासत होत्या. आमची आत्या आईशेजारी बसली होती.

"आता एवढी घोडी धावली की सुटली," आई तिला म्हणाली. "मग गाभण राहील. पहिलं शेटचं, दुसरं आपलं."

"घोड्याचं पोर घेऊन काय करशील गं? नांगराला जुंपशील?"

"बांधीन. पोराने जागा करून ठेवलीय."

"आणि खाईल काय ते?"

"तू खातेस तेच. तू पण कुठे नांगर ओढतेस?"

बायका हसल्या. दादाच्या दिवसाला आमच्या अंगणात हसू आलं, आणि ते आईने आणलं. मी हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले.

आमच्याकडे जनावर वाट्याने देतात. ज्याच्याकडे शेळ्या जास्त तो एखादी पाट, म्हणजे तरणी शेळी, दुसऱ्याकडे सांभाळायला देतो. सांभाळणारा चारतो, पाजतो, आजारपण काढतो. पहिलं पिल्लू मालकाचं, दुसरं सांभाळणाऱ्याचं. त्यावर कुणी काही बोलत नाही, ठरवत नाही. मालक चार माणसांसमोर दावं त्याच्या हातात देतो, त्यातच सगळं आलं. विचारणं म्हणजे मालकावर संशय घेणं. आईची पहिली गाय अशीच आली होती.

रेसकोर्सवर हे चालत नाही, हे मला न विचारताही ठाऊक होतं. दादालाही ठाऊक असणारच. इतकी वर्षं मुंबईत काढलेला माणूस. म्हणजे त्याने आईला थाप मारली होती, आणि ती खरी वाटावी म्हणून आडोसाही बांधला होता. मेलेल्या माणसावर रागवावं कसं, हे मला कळेना. आईला खरं सांगावं असं रोज सकाळी वाटायचं. पण दादा गेल्यापासून पहिल्यांदाच ती पोटभर जेवू लागली होती, आडोशातली जमीन सारवत होती, आणि पाड्यावर दोघी-तिघींना तिने शिंगराचं सांगूनही टाकलं होतं. मी कामावरची रजा वाढवून घरीच राहिले.

फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या उंचवट्यावर मिळते. शर्यतीच्या दुपारी मी आईला तिथे नेलं. आत्याही काठी टेकत आली. डोंगर पिवळे पडले होते, नागलीची खाचरं रिकामी होती, आणि फोनच्या पडद्यावर हिरवंगार मैदान.

"एवढं गवत," आई म्हणाली, "आणि चरत कोण नाय?"

घोड्या एकामागून एक मैदानाकडे निघाल्या. आपली सातवी होती. तिची दोरी दादाच्या त्या सोबत्याने धरली होती, ज्याने मला फोन केला होता. तो मूळचा उत्तरेकडचा, मराठी बोलतो, मध्येच हिंदी मिसळतो. आई घोडीकडे कमी आणि त्या हाताकडे जास्त पाहत होती.

"लांब धरलीय," ती म्हणाली. "तो जवळ धरायचा."

"तू कधी पाहिलंस?" आत्याने विचारलं.

"घट्टा पाहिला ना."

लोखंडी फाटकं उघडली. शर्यत सांगणारा इंग्रजीत भराभर बोलत होता. आमची घोडी बराच वेळ दिसलीच नाही. वळणावर कपाळाचा ठिपका बाहेरच्या बाजूला दिसला, आणि मग पुढे फक्त तीच होती. मला वाटलं रेंज अडकली, चित्र तेच तेच दिसतंय. पण बाकीच्या मागे पडत होत्या, ती एकटी पुढे येत होती.

"आली," आई म्हणाली.

आत्याने माझा दंड धरला होता. मला मात्र आनंद झाला नाही. जिंकल्याने सगळं पक्कं झालं होतं. अशी घोडी आता नक्की फार्मवर जाणार, आणि आई दुसऱ्या शिंगराची वाट पाहत बसणार.

थोड्या वेळाने सोबत्याचाच व्हिडिओ कॉल आला. मागे घोडी उभी होती, घामाने काळी पडलेली, अंगातून वाफ निघत होती.

"अम्मा, देखो," तो म्हणाला. "भाईची घोडी. मारली तिने रेस."

"पाहिली. पाय बरे आहेत ना तिचे?"

"एकदम बरे."

"मग कधी जायची फार्मवर?"

"परवा ट्रक येतोय."

"व्याली की कळव. पहिलं नको सांगूस. दुसरं झालं की सांग. आमची माणसं येतील न्यायला."

त्याला समजलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तो साध्या आवाजात म्हणाला, "अम्मा, घोडी शेटची आहे. बच्चे पण शेटचेच. पहिलं पण, दहावं पण. आम्ही पगारी माणसं."

टाकीच्या नळातून पाणी ठिबकत होतं.

मी फोन आईच्या हातातून घेतला. "मग दादाने तिला असं का सांगितलं?" मी विचारलं. माझा आवाज वर गेला होता. "त्याला माहीत नव्हतं का?"

"दीदी, तो आम्हालाही तेच सांगायचा. दुसरं माझं. आम्ही हसायचो."

"आणि तो?"

"तो नाही हसायचा." त्याने घोडीच्या मानेवर हात ठेवला. "ही छोटी होती, गाडीतून उतरली, तेव्हा शेट स्वतः आला होता. आम्ही सगळे उभे होतो. शेटने दोरी घेतली आणि भाईच्या हातात दिली. आम्ही विसरलो ते. भाई नाही विसरला. कधी कधी सांगायचा, सगळ्यांसमोर दिली म्हणून."

दादाने थाप मारली नव्हती. इतकी वर्षं, त्या मुंबईत, तो वाट्यानेच घोडी सांभाळत होता. शर्यतीमागून शर्यत तिला दोरीने नेत होता, ती हरली तरी आणि जिंकली तरी, आणि मनात पुढचं दुसरं शिंगरू. शेटला याची गंधवार्ताही नसेल. मी राग धरला होता तो कुणाचा, ते मला कळेना.

आईने सगळं ऐकलं होतं.

"तू शिकलेली आहेस," ती मला म्हणाली. "सांग. दावं हातात दिलं की नाय?"

"दिलं."

"चार माणसांसमोर?"

"हो, आई."

"मग माझ्या पोराचं काय चुकलं?"

इतकी पुस्तकं हाताखालून गेली, पण सांगण्यासारखं एक वाक्य सापडेना. मुंबईत तसं नसतं, एवढंच मी म्हणू शकले असते, आणि ते तिला आत्ताच एका परक्या माणसाने सांगितलं होतं.

आत्या हळूच म्हणाली, "वहिनी, पाड्यावर आता काय सांगायचं?"

"खरं तेच. शिंगरू येत नाय म्हणून सांगायचं. मीच सांगेन." आईने पदर खांद्यावर नीट ओढला. "त्याने फसवलं नाय आणि मागितलं पण नाय, हे पण सांगेन."

फोन अजून चालू होता. पलीकडे घोडीने मान झटकली आणि सोबत्याने दोरी आखडून घेतली. आईने फोन परत मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला.

"आता दोरी तुझ्या हातात का?" तिने विचारलं.

"हां अम्मा. परवापर्यंत. मग नवीन देतील एखादी. छोटी."

"कोण देईल हातात?"

"शेट. नाहीतर ट्रेनर."

"तेव्हा विचारून घे," आई म्हणाली. "लाजू नको. दोरी धरायच्या आधीच विचार."