नसलेल्या बॉलच्या जागी माझं बोट

वकीलसाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि मी नुकतीच हातात धरलेली त्यांची क्यू, म्हणजे स्नूकरची काठी, पुसून काढली. टोकापासून मुठीपर्यंत. सावकाश. मग तो रुमाल कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीत टाकला. चार मेंबर बघत होते.

"यापुढे बोटाने दाखव," ते म्हणाले. "क्यूला हात नको."

ऐंशी सालानंतरची, चारपाच वर्षांपूर्वीची गोष्ट. अंधेरीतल्या एका क्लबात मी स्नूकरचा मार्कर होतो. गुण लिहायचे, बॉल जागेवर लावायचे, मेंबरांना शिकवायचं. आठ वर्षं सगळे मला नुसतं 'मार्कर' म्हणायचे. वकीलसाहेबांचं मनगट धरून मीच त्यांना खेळायला शिकवलं. त्या आठवड्यात नवे युनिफॉर्म आले आणि छातीवर नावाची पट्टी आली. पट्टीवर आडनाव. आम्ही बौद्ध. साहेबांनी ते वाचलं, बस.

नवशिका नेहमी लाल बॉलकडे बघून मारतो आणि तिथेच चुकतो. लाल बॉलला चिकटून, पॉकेटच्या बरोबर उलट बाजूला, आणखी एक बॉल आहे असं डोळ्यांपुढे आणायचं. तो नसतो. पण दिसला पाहिजे. पांढरा बॉल नेमका त्याच्या जागी पोचवला की लाल आत जातो. साहेबांना तो कधीच दिसला नाही. म्हणून क्यूला हात बंद झाल्यावर मी त्या जागी कापडावर बोट टेकवायचो आणि क्यू मागे गेली की उचलायचो.

एकदा ते वैतागले. "बोट उचलू नकोस रे. उचललं की मला जागा दिसत नाही."

मी नाही उचललं. आजही मला त्याचीच चीड येते. पांढरा बॉल सणसणत आला. नख काळंनिळं झालं, पेर वाकडं झालं. लाल बॉल पॉकेटच्या कडेला आपटून परत आला.

"तुझ्यामुळे चुकला," साहेब म्हणाले. कुणीतरी हसलं.

वाकोल्याला घरी आलो. बोट दारात सापडलं, असं सांगितलं. बायकोने बोट हातात घेतलं, उलटसुलट बघितलं.

"अहो, खरं सांगा. कोणाला वाचवताय?"

ज्याने ठेचलं त्याच्यासाठी मी माझ्याच घरात खोटं बोलत होतो. जेवायला बसलो तर ताटात भाकरीशेजारी तो नसलेला बॉल. डोळे मिटले की पांढरा रुमाल, वरून खाली, वरून खाली. लाज वाटली. साहेबांची नाही, माझी.

दुसऱ्या दिवशी साहेब टेबलावर वाकले. वर न बघताच म्हणाले, "बोट."

मी हात खिशात घातला.

"बोट ठेव ना!"

"नाही ठेवणार. शिकायचं असेल तर क्यू माझ्या हातात द्या."

"सेक्रेटरीला सांगू?"

"सांगा."

साहेब हिरव्या कापडाकडे बघत राहिले. मग अगदी हळू विचारलं, "कुठे रे?"

मला जागा स्वच्छ दिसत होती. हात खिशातच ठेवला. त्यांनी मारला. चुकला.

आठवड्याच्या आत मला काढलं. घरी हाल झाले, ते खोटं कशाला सांगू? आता साकीनाक्याला एका वर्कशॉपच्या माळ्यावर जुनं टेबल आहे, तिथे शिकवतो. लेथवर काम करणारे येतात, हाताला ग्रीस तसंच. मी त्यांचं मनगट धरतो, तेही माझं धरतात. बोट अजून सरळ होत नाही. रुमाल अजून दिसतो. दिसू दे.

मागच्या महिन्यात वकीलसाहेबांनी माणूस पाठवला होता. मॅच आहे म्हणे, त्याआधी तेवढी जागा येऊन दाखव. मी निरोप दिला: ज्याला माझा हात चालत नाही, त्याला माझी नजर मिळणार नाही.