घराची शपथ

आमच्या घरात पक्ष हा बाबांचा थोरला मुलगाच होता. त्याचे सगळे लाड व्हायचे आणि तो घरी कधी काही आणून द्यायचा नाही. कोंडाणे लेण्यांकडच्या आमच्या गावात पक्षाचा पहिला झेंडा बाबांनी लावला. बैठक कर्जतला असो की खोपोलीला, भातकापणी अर्धी टाकून ते निघायचे आणि उरलेली आई उरकायची. माझ्या लग्नात मांडवातसुद्धा ते वऱ्हाडापेक्षा तालुकाध्यक्षांची वाट जास्त बघत होते. मला याचा भयंकर राग यायचा. आईला यायचा की नाही, हे ती कधी बोलली नाही.

जिल्हा परिषदेची निवडणूक लागली तेव्हा बाबांना वाटलं, आता तरी आपली पाळी. काकांनाही तसंच वाटलं. काका म्हणजे बाबांचे सख्खे धाकटे भाऊ. त्यांना पक्षात आणलं ते बाबांनीच. मुलाखतीला दोघे एका गाडीतून कर्जतला गेले आणि वेगवेगळे परत आले. तिकीट काकांना मिळालं. त्यांच्याकडे फार्महाऊसवाल्यांच्या ओळखी होत्या, मागेपुढे फिरणारी पोरं होती. बाबांकडे पुढाऱ्यांबरोबरचे जुने फोटो होते.

त्या संध्याकाळी निम्मं गाव आमच्या ओट्यावर येऊन बसलं. "दादा, तुमी अपक्ष भरा. आमी हाय ना पाठी." बाबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "पक्षानं दिलंय. आता काम पक्षाचंच करायचं." मंडळी उठून गेली. बाबांनी खरोखरच दुसऱ्या दिवसापासून भावाचा प्रचार सुरू केला, वाड्यावस्त्या पायी फिरले.

काकांची सभा शाळेच्या पटांगणात झाली. मी सासरहून, मोहोपाड्याहून आले होते, आईशेजारी भिंतीला टेकून उभी होते. स्टेजवर बाबांना जागा नव्हती. काका माईकवरूनच म्हणाले, "दादा, जरा मागच्या खुर्च्यांचं बघता का?" आणि बाबा खुर्च्या मांडायला लागले, तेही आनंदानं. मला तिथं उभं राहवेना. मी आईला म्हटलं, चल घरी. ती म्हणाली, "थांब गं. बघू दे मला."

काका पडले. पडले ते पडले, आपल्याच गावच्या बूथवर मागे पडले. मत गुप्त असतं म्हणतात, पण मोजणीत बूथवार आकडे बाहेर येतात आणि जेवणवेळेच्या आत सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतात. बूथप्रमुख होते बाबा. काकांनी भर नाक्यावर सांगितलं, "दादानं आतून काम केलं."

आमच्याकडच्या राजकारणात याहून वाईट शिवी नाही. उघड बंडखोरी करणाऱ्याला पक्ष परत घेतो, हार घालून घेतो. आतून काम करणाऱ्याला कोणी पाणी विचारत नाही. बाबांना बैठकीचे फोन यायचे बंद झाले. काकी आमच्या दारावरून जाताना मान वळवायला लागली. बाबा दिवसभर ओट्यावर बसून राहायचे आणि फोन वाजला की दचकायचे. शेवटी त्यांनी ठरवलं की देवळात उभं राहायचं.

एखाद्यावर आळ आला आणि खरंखोटं करायला दुसरा मार्ग उरला नाही, की आमच्या गावात माणूस गावदेवीपुढे नारळावर हात ठेवून शपथ घेतो. घरचा कर्ता घेतो ती शपथ साऱ्या घराची धरतात. खोटी निघाली तर देवी शपथ घेणाऱ्याला सोडत नाही. माझा यावर विश्वास नाही, असं मी मोहोपाड्यात सांगते. गावात सांगत नाही.

शपथेच्या आदल्या दिवशी मी माहेरी पोचले. आई पडवीत तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मी नाय दिलं मत त्याला," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, ती काकांचं बोलत होती.

"आन् आळीतल्या बायकांनाबी मीच सांगितलं. खुर्च्या मांडायला लावल्या गं त्यानं. सख्ख्या भावाला. आख्ख्या गावासमोर."

"बाबांना माहीत आहे?"

"नाय. आन् उद्या ते घराची शपथ घेतील. खोटी पडंल. त्यांच्यावर येईल ना ती." ती रडत नव्हती. घाबरली होती, आणि तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी बाबा निघायला लागले तशी ती दारात आडवी आली. "तुमी घराची शपथ नका घेऊ." बाबांनी तिच्याकडे बघितलं. "तू?" एवढंच विचारलं. तिनं होय म्हणून मान हलवली. ते तिला वळसा घालून निघून गेले.

मला वाटलं, आता ते देवळातून परत फिरतील. आळ स्वतःवर ठेवतील. इतकी वर्षं पक्षासाठी खाली मान घातली, एकदा बायकोसाठी घालतील. देवळापुढे काका होते, तालुक्याची माणसं होती, आळीतल्या बायका होत्या. गुरवानं नारळ ठेवला आणि शब्द सांगितले, "म्हणा, माझ्या घरातलं एकबी मत..." बाबांनी त्याला थांबवलं. नारळावर हात ठेवून ते मोठ्यानं म्हणाले, "माझं मत मी पक्षाला दिलं. माझ्या एकट्याचं सांगतो. घरचं मी सांगू शकत नाय."

सगळ्या माना आईकडे वळल्या. ज्यांनी तिच्या शब्दावर मत फिरवलं होतं त्या बायका हळूच तिच्यापासून बाजूला सरकल्या. काका धावत आले आणि बाबांच्या पाया पडले. दोघे भाऊ गळ्यात गळा घालून रडले. तालुक्याच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी आईचा हात धरला. बाबांविषयी त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहायला मला लाज वाटत नाही. मला त्यांचा तिरस्कार वाटला. ते खोटं बोलले नव्हते, आणि म्हणूनच मला भांडायलाही जागा नव्हती.

आता बाबा पुन्हा बूथप्रमुख आहेत. काकांच्या गाडीतूनच बैठकांना जातात. आईशी बोलत नाहीत. बैठक असली की दारात उभे राहून फक्त "सदरा" म्हणतात, आणि ती इस्त्री करून देते.