टिचकीकाकांचा कान

इस्पितळाच्या फाटकापाशी शहाळ्यांची एक गाडी असे, आणि गाडीमागे टिचकीकाका. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "पाण्याचं की मलईचं?" मग ढिगातलं एक शहाळं उचलून टिचकी मारायची, कान लावायचा. पसंत नसेल तर दुसरं. कोयत्याचे तीन घाव, आणि आत सांगितलं तेच निघे.

शाळा सुटली की त्यांची लेक खोक्यावर बसून हे बघायची. तीही टिचक्या मारून पाही, पण तिला सगळीच शहाळी सारखी वाजत. "तुला नुसती नखं आहेत गं, कान नाहीत," काका हसायचे. ते हसू तिला अजून जसंच्या तसं आठवतं.

लेक मोठी झाली, लग्नानंतर जवळच राहिली आणि बाबांच्या जोडीला गाडीवर उभी राहू लागली. हल्ली बाबा प्रत्येकाला "काय म्हणालात?" विचारतात, हे तिनं हेरलं होतं. एक दिवस वॉर्डातल्या जुन्या सिस्टर शहाळं परत घेऊन आल्या.

"काका, पेशंटसाठी पाण्याचं मागितलं होतं. यात घोटभर पाणी, बाकी सगळी मलई."

काकांनी दुसरं फोडलं. तेही मलईचं. सिस्टर तेच घेऊन गेल्या. काका दुसऱ्या दिवशी पाठ दुखते म्हणून घरीच राहिले, तिसऱ्या दिवशीही.

"बाबा, उद्यापासून मोठं भांडं ठेवतेय," लेक म्हणाली. "सगळ्या शहाळ्यांचं पाणी एकत्र. त्यात लिंबू, आलं, पुदिना. मलई अननसाबरोबर घुसळायची."

"शहाळ्यात लिंबू? जिभेला लकवा झालेल्यांनी प्यावं ते."

"तुम्ही नका पिऊ. फोडून तेवढी द्या. माझे नऊ घाव होतात आणि अर्धं पाणी अंगावर."

काका कुरकुरत आले. लोकांना सरबत आवडलं. आठवडाभरानं भांड्यात पाणी ओतताना काकांचा हात थांबला. इतक्या दिवसांत कुणी पाण्याचं किंवा मलईचं मागितलंच नव्हतं, टिचकी मारायची वेळच आली नव्हती.

"माझ्यासाठी केलंस हे," ते म्हणाले.

"आलं बरोबर पडलंय का, तेवढं बघा."

तेवढ्यात सिस्टर आल्या. "लिंबूबिंबू नको बाई. पेशंटला साधं हवंय, भरपूर पाण्याचं."

लेकीनं बाबांकडे पाहिलं. काकांनी एक शहाळं उचललं आणि स्वतःच्या नाही, तिच्या कानाशी धरून टिचकी मारली.

"कसं वाजतंय?"

"पोकळ."

दुसरं उचललं. पुन्हा टिचकी.

"हे... भरल्यासारखं. जड." तिलाच नवल वाटलं. बाबांच्या बोटाखाली शहाळी वेगवेगळी वाजत होती. इतकी वर्षं तिची टिचकीच चुकत होती.

तीन घाव. पाणी काठोकाठ. सिस्टर दोन्ही हातांनी शहाळं सांभाळत फाटकातून आत गेल्या.

काकांनी भांड्यातलं सरबत पेल्यात ओतून घेतलं, सावकाश प्यायले.

"आलं जास्त झालंय," म्हणाले, आणि पेला पुन्हा पुढे केला.